मोहाखालच्या उलट्या रेघा

ही गोष्ट मी कोणाकडून ऐकलेली नाही. मी तिथे होते.

साल १९५७. चैत्राची पहाट. वैनगंगेचा काठ, वडशापासून दोन कोसांवर.

तिथे मासे धरणाऱ्या ढिवरांची सात घरं होती. डोमाटोली म्हणत. आता शोधू नका, सापडणार नाही.

त्या पहाटेच्या दोन वर्षं आधी, पौषातल्या एका सकाळी ती टोली रिकामी सापडली. पूर नव्हता. साथ नव्हती. जाळी वाळत घातलेली, चुलीवर भाताचं पातेलं...

माणूस एकही नाही.

माझ्या गुणाकाकीची धाकटी बहीण धुरपता तिथेच दिली होती. घरचे म्हणत, आता तिची तेरवी उरकून टाकू. काकी ऐकत नसे.

"मुर्दा पायला का कोणी? मंग जित्या बाईची तेरवी कशी करता?"

त्या पहाटे काकी मला मोहफुलं वेचायला घेऊन निघाली. थेट टोलीतल्या मोहाकडे. मी अकरा वर्षांची.

"काकी, भूत भेटलं तं?"

"भेटलं तं त्याले टोपली धराले लावू."

झाडाशी पोचलो आणि काकी थांबली.

खालची जमीन झाडलेली होती...

आमच्याकडे मोहाखाली ज्यानं झाडलं, फुलं त्याची. दुसरं कोणी हात लावत नाही. पण काकी खराट्याच्या रेघा बघत होती. त्या उलट्या बाजूला वळल्या होत्या.

"धुरपता डावखोरी हाये," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात वरून फूल गळलं. टप...

मग दुसरं. टप... टप...

आवाज येत होता. जमिनीवर मात्र एकही फूल नव्हतं.

मी कान दिला. तो मातीवर पडल्याचा आवाज नव्हता. रिकाम्या टोपलीत पडल्याचा होता. हळूहळू तो मऊ होत गेला...

टोपली भरत आल्यासारखा.

"काकी, घरी चाल ना."

काकी झाडलेल्या जागेत शिरली.

"धुरपते, दोन वर्सं झाले बाई. चाल आता घरी."

टपटप थांबली.

परतताना काकी माझ्या मागून चालत होती.

दुसऱ्या सकाळी मला खराट्याच्या आवाजानं जाग आली. काकी अंगण झाडत होती.

डाव्या हातानं.

मी दारातच उभी राहिले. तिनं वर पाहिलं, हसली.

"काऊन वं पोरी, गुणाबाई उठली नाई का अजून?"

मी कोणाला सांगितलं नाही. सांगून कोण ऐकणार होतं?

त्याच महिन्यात घरच्यांनी धुरपताची तेरवी केली. काकी नाही म्हणाली नाही. पंगतीत बसून पोटभर जेवली.

एकवीस वर्षांनी ती गेली. गुणाबाईच्या नावानं तिचीही तेरवी झाली.

आता मी ऐंशीला टेकले आहे. चैत्रात पहाटे हटकून जाग येते. वाटतं, दोघींपैकी एक अजून त्या मोहाखालीच असेल. कोणीतरी "चाल घरी" म्हणेल म्हणून थांबलेली...

तसं म्हणणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

मी जात नाही.