चौथ्या शॉकनंतरची दुपार

"एक गोष्ट! घरातली एक गोष्ट जरी ती विसरलेली निघाली ना, तर परवाचा शॉक मी होऊ देणार नाही!"

धाकट्या भावाचा हा आवाज ताईच्या कानांवर फार लांबून आल्यासारखा आला... खिडकीजवळच्या कॉटवर ती पडून होती, पडद्यातून गाळून आलेलं ऊन चादरीवर हळूहळू सरकत होतं आणि सकाळी दवाखान्यात टोचलेल्या सुईची गुंगी अजून पापण्यांवर रेंगाळत होती. किती हलकं वाटत होतं! तीन महिने छातीवर ठाण मांडून बसलेलं ते अदृश्य ओझं, ज्याच्याखाली तिला घास गिळवत नव्हता की हुंदका फुटत नव्हता, ते आज जरा उठून बाजूला बसलं होतं. डोकं ठणकत होतं, जबडाही दुखत होता. पण भूक लागली होती. भूक! एवढ्या साध्या गोष्टीनं तिचे डोळे भरून आले.

मनाच्या या आजारावर विजेचे अजून चार शॉक व्हायचे होते आणि तिला ते जिवाच्या आकांतानं हवे होते. पण धाकट्यानं त्या शब्दाचीच धास्ती घेतली होती. आपल्या माणसांमधलं काहीही विसरलीस तर थांबायचं, असं वचन त्यानं तिच्याकडून घेतलं होतं. संमतीच्या कागदावर सही तिची एकटीची चालली असती. पण ज्याला आईवडिलांमागे तिनं लहानाचं मोठं केलं, त्याला दिलेला शब्द मोडणं तिला या जन्मी जमण्यातलं नव्हतं. वडिलांचा पुस्तकबांधणीचा कारखाना सोळाव्या वर्षी तिच्या अंगावर पडला. पानं शिवता शिवता सुईनं बोटांची चाळण झाली, खळीच्या वासानं कपडे भरले; पण धाकटा शिकला, उभा राहिला, त्याचं लग्न झालं... तिचं राहिलं. "ताईनं माझ्यासाठी जन्म वाहिला," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

कॉटशेजारी दवाखान्यातल्या बाई बसल्या होत्या, मांडीवर कागद घेऊन. शॉक घेतलेल्या पेशंटना त्याबद्दल स्वतःला काय वाटतं, ते त्या घरोघर जाऊन लिहून घेत.

"भीती वाटली होती?"

"पहिल्यांदा? जीव मुठीत धरून गेले होते! वाटलं, बांधून घालतील, भाजून काढतील. प्रत्यक्षात झोपेची सुई टोचतात आणि दहापर्यंत आकडे मोजायला लावतात. मी अजून सहाच्या पुढे गेले नाही."

बाई हसल्या. धाकट्याच्या कपाळावरची आठी काही हलली नाही.

"आणि आठवणी?"

"बारीकसारीक निसटतं. परवा कात्री सापडेना. पण ती या घरात शॉकच्या आधीही कधी सापडत नव्हती."

"आजार वाढला, तुमचं खाणंपिणं सुटलं, तो दिवस आठवतो का?"

भावजय पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. ती जागच्या जागी थिजली.

ताईला आठवत होता... लख्ख आठवत होता! कारखान्यात भावजयीनं शिजवलेली खळ आंबली म्हणून ताई तिला टाकून बोलली आणि भावजय कडाडली, "त्याग, त्याग! कसला त्याग? तुम्हाला कोणी पत्करलं नाही, म्हणून आमच्या संसारात येऊन बसलात!" धाकट्याला यातला एक शब्द ठाऊक नव्हता. आठवतं म्हणावं, तर काय घडलं ते सांगावं लागणार आणि या दोघांच्या संसाराला कायमचा तडा जाणार. आठवत नाही म्हणावं, तर शॉक थांबणार आणि ते ओझं पुन्हा छातीवर यायला मोकळं... ताईनं डोळे मिटले.

"नाही आठवत."

"संपलं!" धाकटा ताडकन उठला. "आता एकही शॉक नाही!"

"अहो, असं विसरलेलं पुष्कळदा परत येतं..." बाई म्हणत होत्या, पण तो ऐकतो कसला! ताई भिंतीकडे वळली.

"वन्सं खोटं बोलताहेत!" भावजयीच्या हातातला तांब्या निसटला. "त्यांना सगळं आठवतंय! परवा गुंगीत माझेच शब्द बोलत होत्या, जसेच्या तसे... मी उशाशी बसले होते. अहो, मीच म्हटलं होतं त्यांना, की कोणी पत्करलं नाही म्हणून तुम्ही इथे राहिलात! मला पाठीशी घालायला स्वतःचं औषध सोडताहेत त्या!"

"तू? माझ्या ताईला?" धाकटा पुढे झाला.

"थांब!" ताई उठून बसली. किती दिवसांनी तिचा आवाज असा निघाला होता! "तिला एक अक्षर बोलायचं नाही. मी आजारी तिच्या बोलण्यानं पडले नाही. त्याआधीच कितीतरी दिवस मी हातात सुई धरून नुसती बसून राहत होते, तुम्हाला कळू दिलं नाही. आणि मला मागणी आली होती रे. कागदाची रिमं पोचवायला यायचा, तो. भला माणूस होता. मी नाही म्हटलं."

"माझ्यासाठी..."

"तू तेव्हा नोकरीला लागला होतास, वेड्या! मीसुद्धा तुझंच निमित्त धरून बसले. पण परक्या घराची मला भीती वाटली. आणि हे घर, तो कारखाना, ते शिवणं... मला आवडत होतं सगळं. हिचं बोलणं लागलं, ते अर्धं खरं होतं म्हणून; त्याग नव्हताच तो."

ओल्या फरशीवर धाकटा कधी खाली बसला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"म्हणजे ताई... इतकी वर्षं तू दुःखात नव्हतीस?"

"नव्हते रे! हा आजार येईपर्यंत चांगली सुखात होते मी. तू लोकांना सांगत राहिलास, मला कधी विचारलंच नाहीस."

त्यानं तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. ताईनं एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि दुसरा पुढे करून भावजयीला जवळ ओढलं. तिच्या केसांना अजून खळीचा वास येत होता.

बाईंनी हलकेच कागद उलटला. "शेवटचा प्रश्न राहिलाय. पुढचे शॉक घ्यायचे आहेत का?"

धाकट्यानं तोंड उघडलं, मग मिटलं आणि ताईकडे बघितलं.

"घ्यायचेत," ताई म्हणाली. "चारही लिहा."