पुसलेल्या आवाजाची जागा

निहिराने पुसलं. परत तपासलं. पुन्हा पुसायला गेली, तर पुसायला काही उरलंच नव्हतं. तरी भिंतीवरच्या पडद्यावर लाल अक्षरं ठाण मांडून बसलेली : ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही.’

“असं कसं होईल?” ती पडद्यावर खेकसली. पडदा बिचारा काय बोलणार!

वेंगुर्ल्यासमोरच्या एका छोट्या बेटावर तिच्या आजोबांचं, म्हणजे डॉक्टर नाबरांचं, समुद्र-श्रवण केंद्र होतं. खोल पाण्यात सोडलेले जलकर्ण (पाण्याखालचा आवाज टिपणारे मायक्रोफोन) तिथे अखंड ऐकत असत. निहिरा सुट्टीत इथे राहायला यायची. घरातला तिसरा गडी म्हणजे टिपणीस नावाचा यंत्रमानव. आवाज टिपण्यापासून जेवण वाढण्यापर्यंत सगळी कामं त्याची. त्याला घडवताना आजोबांनी आपल्या लहानपणच्या पंगतीतला एक नियम त्याच्या डोक्यात पक्का बसवला होता. समोरचा ‘पुरे’ म्हणेपर्यंत हात आवरायचा नाही! दुपारी निहिराने नुसती मान हलवली, तर सोलकढी वाटीतून ताटात आणि ताटातून थेट तिच्या मांडीवर आली.

पण आता सोलकढीची आठवण कुणाला होती? समुद्रातल्या तरंगत्या ठाण्याकडून निरोप आला होता. देवमाशाची मादी तिच्या नवजात पिल्लाला घेऊन बेटाकडे येत होती. जेमतेम अर्ध्या तासात ती जवळून जाणार होती. मोठ्या देवमाशांची गाणी आजोबांकडे खूप होती, पण पिल्लाचा आवाज आजवर त्यांच्या हाती लागला नव्हता. आणि नेमकी आजच डिस्क (माहिती साठवून ठेवणारा संगणकाचा भाग) तुडुंब भरली होती.

“काय गो, तोंड का एवढंसं झालं?” आजोबा आत येत म्हणाले.

“आजोबा, मागच्या आठवड्यात मी टिपणीसला डबक्यातल्या खेकड्यांचा आवाज टिपायला सांगितलं होतं ना? ती फाइल भलतीच मोठी झाली होती. मी ती आत्ता पुसून टाकली. तरी जागा नाहीच!”

“मग खंय गेली गो जागा?” आजोबांनी डोकं खाजवलं.

“जुनी गाणी पुसू या का थोडी?”

आजोबांचा चेहरा असा काही पडला, की निहिराला वाटलं, आपण विचारलंच नसतं तर बरं झालं असतं. ती गाणी गाणारे काही देवमासे आता कुठे दिसतसुद्धा नव्हते.

“मग सगळं बंद करून पुन्हा चालू करू.”

“जलकर्ण जागे व्हायला तास लागतो. तोवर बाळ गोव्यात पोचेल. त्यापेक्षा चल, डिस्कलाच विचारू.”

आजोबांनी कमांड लाइन (चित्रांना स्पर्श न करता, शब्द लिहून संगणकाला काम सांगायची जागा) उघडली. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकू लागली. “लिही, df, मग एक जागा सोडून -h.”

“हे काय?”

“df म्हणजे डिस्कला विचारायचं, बाई गं, तुझ्यात एकूण जागा किती, भरली किती, मोकळी किती? आणि -h म्हणजे उत्तर माणसाला कळेल असं दे. नाहीतर ती एवढा लांबलचक आकडा तोंडावर फेकते, की वाचता वाचता जीव जातो.”

उत्तर आलं. एकूण दोन टेराबाइट (माहिती मोजण्याचं एक मोठं माप), भरलेली दोन, मोकळी शून्य.

“आता du -sh लिही. ही आज्ञा एकेका फोल्डरात शिरते आणि नाव असलेल्या फाइली मोजून बेरीज सांगते.”

यावेळी उत्तराला जरा वेळ लागला. निहिराची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. अखेर आकडा उमटला, अर्धा टेराबाइट!

“एक म्हणते दोन, एक म्हणते अर्धा. खोटं कोण बोलतंय?”

“कुणीच नाही. एक जागा मोजते, दुसरी नावं मोजते. आता सांग, फाइल पुसली म्हणजे आपण नक्की काय केलं?”

“ती फेकून दिली.”

“अंहं. दारावरची नावाची पाटी काढली. आत कुणी नसेल, तर संगणक खोली लगेच रिकामी धरतो. पण आत कुणी काम करत बसलं असेल, तर पाटी नसली तरी ते उठेपर्यंत खोली त्याचीच.”

निहिराने ते मनात घोळवलं. पाटी नसलेली खोली. आत कुणीतरी बसलंय. अजून उठलेलं नाही. कारण त्याला ऊठ असं कुणी सांगितलेलंच नाही...

“टिपणीस!” ती एकदम ओरडली. “खेकड्यांचा आवाज तू अजून टिपतोयस?”

कोपऱ्यातल्या खिडकीतून बाहेरच्या डबक्याकडे कान लावून उभा असलेला टिपणीस नम्रपणे वळला. “अर्थात. जागा संपल्यामुळे लिहिता येत नाही, पण फाइल मी सोडलेली नाही. आपण थांबायला कुठे सांगितलंत?”

आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. ही पंगत तर त्यांनीच मांडली होती!

“टिपणीस, पुरे!” निहिरा म्हणाली.

“धन्यवाद,” टिपणीस म्हणाला आणि त्याने फाइल सोडली.

निहिराने घाईघाईने पुन्हा df -h लिहिलं. मोकळी जागा दीड टेराबाइट! लाल अक्षरं पडद्यावरून गेली. तिने आनंदाने उडीच मारली.

“उद्यापासून रोज सकाळी तू स्वतःच df ला विचारायचं,” तिने टिपणीसला बजावलं, “आणि जागा कमी दिसली की आम्हाला सांगायचं.”

“टिपणीस, जलकर्ण!” आजोबा घड्याळाकडे बघत म्हणाले.

खोलीत समुद्राची घरघर भरून राहिली. मग आईची लांब, खोल साद आली. आणि तिच्या मागोमाग एक बारीक, अडखळता, नुकताच बोलायला शिकलेला आवाज. आजोबांचे डोळे भरून आले. निहिराने त्यांचा हात घट्ट धरला. या पिल्लाचं पिल्लू येईल, तेव्हा कदाचित ती इथली शास्त्रज्ञ असेल, आणि कोण काय म्हणतंय ते ओळखायला हा पहिला आवाज तिच्याजवळ असेल.

बऱ्याच वेळाने टिपणीस हलकेच म्हणाला, “निहिरा, पुरे?”

“छे, छे!” निहिरा कुजबुजली. “वाढ अजून!”