कठड्यावरची जागा

ऑगस्ट लागला की ओलिंपोस गावातल्या बायकांचं आपसातलं बोलणं कमी होतं आणि एकमेकींच्या घरात डोकावणं वाढतं. पंधरा तारखेला देवमातेचा सण. सगळ्या कार्पाथोस बेटावरून माणसं डोंगर चढून वर येतात, पिरेयसला नि बाल्टिमोरला गेलेली पोरं घरी परततात आणि गल्लीतली दारं दिवसभर सताड उघडी असतात. उघड्या दारातून पहिला दिसतो तो कठडा. तो कुणाचा कसा सजला यावरून गावात जे राजकारण चालतं, त्यापुढे निवडणुका म्हणजे पोरखेळ.

सोफीलाचं घर गावातल्या इतर घरांसारखंच, म्हणजे एक खोली. मागचा अर्धा भाग लाकडी फळ्यांनी उंच केलेला, तिथे झोपायचं. पुढच्या अर्ध्यात चूल, टेबल आणि आल्यागेल्याला बसायला बाक. दोन्हींच्या मधे कमरेइतकी अर्धी भिंत, तोच कठडा. त्याचा माथा हातभर रुंद, चुन्याने पांढराशुभ्र केलेला, आणि त्यावर घराण्याची सगळी अब्रू मांडलेली: ऱ्होड्सच्या निळ्या बशा, कोंबड्याचं चित्र असलेलं मोठं ताट, आजीच्या वेळची तांब्याची भांडी, सोनेरी काठाचे पेले आणि पुढच्या बाजूने खाली सोडलेली लाल भरतकामाची पट्टी. वस्तूला वस्तू खेटून. मधे फट दिसली तर शेजारची रिगोपूला दारातूनच विचारायची, "काय गं, विकलंस का काही?" तिची जीभ आणि सोफीलाचा कठडा, दोन्हींची ख्याती सारखीच होती.

त्या वर्षी सोफीलाने कठडा जरा जास्तच मनावर घेतला होता. तिची थोरली, कालित्सा, तान्ह्या मुलीला घेऊन सणाला येणार होती. रिवाजाप्रमाणे घर थोरल्या लेकीचं, आणि नातीचं नाव आजीचं. नाव ठेवलं होतं, नात धाकटी सोफीला झाली होती. पण घर नको म्हणून कालित्साने फोनवरच सांगून टाकलं होतं. तिच्या नवऱ्याला, थानासिसला, हॅम्बुर्गच्या गोदीत काम मिळालं होतं. सण झाला की ती मुलीला घेऊन त्याच्याकडे जाणार होती.

"घर घेऊन काय करू, आई? कुलूप लावायला घ्यायचं का?" असं ती म्हणाली होती. त्यानंतर सोफीलाचं जेवणावरचं लक्ष उडालं. नात फोनच्या काचेतून मोठी होणार, हे तिला सहन होत नव्हतं. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं. दोघी इथे राहाव्यात, एवढंच.

तर तिने सगळं खाली काढलं, धुतलं, पुसलं, कठड्याला चुना दिला आणि सगळं पुन्हा मांडलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर निळ्या बशांच्या मधे मूठभर जागा रिकामी. बशा दोन्हीकडे सरकलेल्या, पण एकही कलंडलेली नाही.

सोफीला भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. ओलिंपोसचा वारा गाढवाच्या पाठीवरचं जीन उडवतो, त्याने बशी सरकवली तर नवल काय? तिने बशा जवळ आणल्या. दुपारी पुन्हा तेवढीच जागा.

"मिनास, तू हात लावलास का कठड्याला?"

"घर तुझं, कठडा तुझा, बशा तुझ्या," तिचा नवरा मिनास म्हणाला. "मला इथे चहूबाजूंनी बंदी आहे. कॉफी ठेवायला सुद्धा जागा नाही." आणि तिला चिडवायला म्हणून त्याने हातातला अर्धा प्यायलेला कप नेमका त्या रिकाम्या जागेत ठेवला. तो असा चपखल बसला की दोघांनाही हसू आलं. मग खालून कुणीतरी हाक मारली, बकरी विहिरीपाशी अडकली होती, आणि कप तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सोफीला तो उचलायला गेली आणि तिने हात मागे घेतला. कप गरम होता. वरचा फेससुद्धा तसाच.

मिनासने आधी वास घेतला, मग घोट घेतला. "माझीच आहे," तो म्हणाला. "मी साखर कमी घेतो." त्याने ती संपवली, सोफीलाने कप धुऊन खिळ्याला अडकवला. पुढच्या दिवशी कप परत कठड्यावर, अर्धा भरलेला, वाफ निघत असलेला.

दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर पाद्र्याला बोलावलं असतं. मिनासने खुर्ची ओढून घेतली आणि रोजच्या रोज ती कॉफी पिऊ लागला. "साठ वर्षं काबाडकष्ट केले, शेवटी घरात काहीतरी आपोआप व्हायला लागलं," असं म्हणून तो खुशीत मिशा पुसायचा. सोफीलाही हसायची. तिने रिगोपूलाला मात्र काही सांगितलं नाही, कारण रिगोपूलाला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

कालित्सा यायच्या आदल्या दिवशी कठड्यावर दुसरी जागा झाली. ही मोठी होती. कोंबड्याचं ताट एका टोकाला गेलेलं, तांब्याची भांडी दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने उभी, आणि मधे लांबट रिकामा चुना.

"इथे काय येणार गं? भाजलेला बोकड?" रिगोपूला दारातून म्हणाली.

सोफीला त्या जागेच्या लांबीकडे बघत राहिली होती.

मग लेक आली, नात आली, आणि घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. धाकटी सोफीला म्हणजे लोण्याचा गोळा. कुणाच्याही मांडीवर जाई, कुणाच्याही मिशीला हात घाली आणि बॅगपाइप वाजू लागला की गुडघ्यांत वाकून नाचायला बघे. सणाच्या दिवशी बायका सोन्याच्या नाण्यांच्या माळा घालून चौकात नाचल्या, बकऱ्याचं मटण आणि बटाटे परातींनी संपले, आणि कालित्सा लहानपणीसारखी खिदळली. "आई, इथलं पाणीच वेगळं," असं ती म्हणाली तेव्हा सोफीलाच्या मनात आशेने उडी मारली. पण रात्री कालित्सा पुन्हा सामान भरायला बसली.

निघायच्या दिवशी सकाळी वारा अजिबात नव्हता. खालच्या दियाफानी बंदरातून बोट वेळेवर सुटणार होती. मिनास पेट्या घेऊन खाली बसगाडीकडे गेला होता, कालित्सा अंगणात वाळत घातलेले कपडे गोळा करत होती. सोफीलाच्या कडेवर नात होती.

जे तिथे ठेवतो ते परत येतं. तिला एवढंच माहीत होतं.

तिने बाळाला कठड्यावर, त्या मोकळ्या जागेत, अलगद आडवं ठेवलं. पोटावर हात धरून ठेवला. बाळ वर बघून हसलं. ते तिथे असं चपखल मावलं, जसा पाव भट्टीतल्या आपल्या जागी बसतो. कोंबड्याचं ताट हळूच पुढे सरकलं आणि त्याची कड बाळाच्या डोक्याशी येऊन टेकली. दाराचा पडदा हललासुद्धा नाही.

सोफीलाने तिला चटकन उचलून छातीशी धरलं.

कालित्सा आत आली, मुलीला घेतलं, तिच्या ओठावरची लाळ पुसली आणि थबकली. मग बोट तिच्या हिरडीवरून फिरवलं.

"आई, लवकर ये. बघ काय ते. दात."

खरंच होता. खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढा. आता पहिला दात दिसला की दालचिनी घालून गहू शिजवायचे आणि गल्लीत वाटल्याशिवाय मूल घराबाहेर न्यायचं नाही, हे या घरात चार पिढ्या चालत आलेलं. कालित्सा कितीही हॅम्बुर्गची झाली तरी हे मोडणारी नव्हती. गहू शिजायला वेळ लागतो. बोट गेली. रिगोपूला वाटी घेऊन आली, बाळाच्या तोंडात डोकावली आणि तिथल्या तिथे तिने दोन ओळी जुळवून म्हटल्या:

दात आला, दात आला, जसा मोती शिंपल्यात,
आजीचे जे गळले सारे, नातीला ते वारशात.

सोफीला हसून हसून बाकावर बसली. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा पोटभर भूक लागली.

"उद्याच्या बोटीने निघू," कालित्सा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या दारात होत्या. कालित्साने मुलीला घेतलं, लाळ पुसली आणि थबकली.

"आई, लवकर ये. बघ काय ते. दात."

सोफीलाला वाटलं, दुसरा असेल. बघितलं तर कालचाच. तोच, तेवढाच. कालित्साच्या डोळ्यांत मात्र आनंद नवाकोरा होता. थट्टा करत असती तर आईला कळलं असतं. सोफीलाने गहू चुलीवर ठेवले, आणि त्या दिवशीही बोट गेली.

मिनासने तिला बाहेर भट्टीपाशी गाठलं.

"तू तिथे काय ठेवलंस?"

"थोडा वेळच. माझा हात होता वर."

"मी कप ठेवला तेव्हा तो अर्धा होता," तो म्हणाला. "अजून अर्धाच असतो."

पण माणसाला हवं ते मिळाल्यावर तो हिशेब मागत बसत नाही. सोफीलाचं घर भरलेलं होतं. सकाळी लेकीची हाक, मग गव्हाचा वास, मग शेजारणींची वर्दळ, मग दुपारभर बाळाचं हसणं. बायकांना वाटे, एकामागून एक दात येतायत, पोरगी दणकट आहे. द्राक्षं उतरली तेव्हा थानासिस रागाने लाल होऊन बायकोला न्यायला आला. कालित्साने मुलीच्या तोंडात बोट घालून त्याला दाखवलं. त्याचा राग कुठल्या कुठे पळाला.

"आई, एक वाटी गहू खातो आणि आम्ही निघतो," तो सासूला म्हणाला, आणि टेबलाशी बसला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेच म्हणाला, आणि पुन्हा तितक्याच भुकेने जेवला. आता सोफीला संध्याकाळी गहू भिजत घाली, सकाळी चेहऱ्यावर नवल आणून लेकीच्या हाकेला ओ देई. आणि खरं सांगायचं तर ते नवल पुरतं खोटं कधीच नसे. दात दिसला की तिचं मन दर वेळी तसंच भरून येई. असा आनंद रोज कुणाच्या वाट्याला येतो?

पुढच्या उन्हाळ्यात रिगोपूलाचा नातू, बाळाच्याच वयाचा, सोफीलाच्या घरात तुरुतुरु चालत आला. कठड्याला धरून त्याने टाचा उंचावल्या आणि निळ्या बशीला हात घातला. रिगोपूलाने त्याला मागे ओढलं. मग तिने कालित्साच्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं, वाकून त्याच्या तोंडात पाहिलं: अजून तोच एक दात.

जिची जीभ गावात कधी थांबली नव्हती, ती काही बोलली नाही. हातातली गव्हाची वाटी तशीच टेबलावर ठेवून ती नातवाला उचलून घेऊन गेली. त्यानंतर ती दारात थांबेनाशी झाली.

सोफीलाला तिची आठवण येई. पण दिवस भरलेले असत.

ऑगस्ट पुन्हा लागला. सोफीला अंगणात हात धूत होती. आतून हाक आली.

"आई, लवकर ये. बघ काय ते."

काय झालं असेल, तिला कळेना. ती ॲप्रनला हात पुसत आत आली. जावई टेबलाशी बसला होता, मिनास कॉफी पीत होता, आणि लेकीचा चेहरा असा फुललेला की बघत राहावं.

"दात," कालित्सा म्हणाली.

सोफीलाने बोट लावून पाहिलं. तांदळाच्या कणीएवढा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नातीचा पहिला दात, आणि तो आजीच्या घरात यावा. दुधात साखर म्हणतात ती हीच.

आता गहू टाकायला हवेत, असं म्हणून ती चुलीकडे वळली.

गहू शिजत आले होते.

कुणी बरं टाकले असतील, असं तिच्या मनात आलं, आणि तिने झाकण उचलून दालचिनी घातली.