मिस्त्रीकाकांचा शेवटचा कूलर

इंजिनांची चाचणी घेणाऱ्या ताईंनी बारा वर्षांत मिस्त्रीकाकांचा एकही कूलर परत पाठवला नव्हता. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाब वाढला की हवा तापते, आणि तापली की इंजिनाच्या जिवाला घोर. म्हणून मधे कूलर. काका पाइपावर तळवा टेकवून "अठ्ठेचाळीस" म्हणत आणि संगणकाच्या पडद्यावर अठ्ठेचाळीसच अंश दिसत.

निवृत्तीआधीचा हा त्यांचा शेवटचा कूलर. जोडून झाल्यावर "कणकण वाटतेय" म्हणून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी इंजिन सुरू केलं. टर्बोतून निघणारी हवा एकशे तीस अंश, कूलरनंतर अडतीस. दाब वाढवला. टर्बोपाशी एकशे साठ, कूलरनंतर अडतीसच.

"वा काका!" ताई एकट्याच बोलल्या.

गंमत म्हणून त्यांनी कूलरचा पंखा बंद केला. अडतीस. सेन्सर बदलला. अडतीस.

अकराच्या सुमारास कशालाही हात न लावता आकडा चढू लागला. चाळीसवर पोचला, तेव्हा काकांनाच विचारावं म्हणून ताईंनी फोन लावला. काकूंनी उचलला.

"ताप वाढलाय हो. आत्ताच पाहिला, सेल्सिअसमध्ये चाळीस."

ताईंनी पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला.

"डॉक्टर?"

"येऊन गेले. औषध दिलंय. तुम्ही नका काळजी करू."

एक वाजता पडद्यावर सदतीस होते. काकूंचाच फोन आला. "उतरला बाई एकदाचा! घाम फुटला आणि डोळा लागला."

ताईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या जेवून आल्या, पूर्ण दाबाची लांब चाचणी लावली आणि शेजारच्या खोलीत अहवाल लिहायला बसल्या. असा कूलर पुन्हा होणे नाही, असं त्यांनी मनापासून लिहिलं.

पाचला परतल्या. इंजिन गरजत होतं. टर्बोपाशी एकशे साठ.

कूलरनंतर सव्वीस.

भिंतीवरच्या तापमापकात खोलीचं तापमानही सव्वीसच. पंखा बंद होता.

ताईंनी लगेच काकांचा नंबर फिरवला. तिसऱ्यांदा फोन लागला.

"काकू, काकांना उठवा."

"अहो, किती शांत झोपलेत! दुपारपासून कूस बदलली नाही," काकू कुजबुजल्या. "अंग तर इतकं गार लागतंय, की आत्ताच अजून एक पांघरूण घातलं मी."