कौशिकचे केस

तिरुवान्मियूरच्या आमच्या गच्चीवर समुद्राचा वारा आला आणि माझा स्कार्फ उडाला. टक्कल झाकायला मी दोन्ही हात डोक्यावर नेले... आणि तशीच थिजले. स्कार्फ पकडून उभ्या असलेल्या तरुणाचंही डोकं गुळगुळीत!

"तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा," तो हसला. "मी कौशिक. खालच्या मजल्यावर नवीन आलोय."

माझी केमो चालू होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रोज बेतानं चाल – चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. घरी मात्र आई पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नसे. मग वाळत घातलेल्या वडाम-पापडांवरचे कावळे हाकते, असं सांगून मी गच्चीवर सटकायचे. कौशिकही सोबत फेऱ्या मारायचा.

"नंदिता, गाऊन दाखव."

"नक्को! दम लागलाय."

"भांडतेस तर छान! म्हणजे वेग बरोबर आहे. अजून एक फेरी?"

सगळे मला 'बस' म्हणत. हा एकटाच 'चल' म्हणायचा. पाय उचलेनासे झाले की गुपचूप शेजारी बसायचा. उलट्या, तोंडातले फोड, मरणाची भीती... सगळं मी त्याला सांगून टाकलं. तोही त्यातलाच ना! आणि मी वेडी, सकाळ कधी होते याची वाट बघायला लागले.

मग एका सकाळी उन्हात त्याचं डोकं काळं दिसलं. नुकते फुटलेले, दाट केस!

"तुझी केमो... संपली?"

त्याचा चेहरा उतरला. "मला काही झालंच नव्हतं गं. अक्काच्या बाळंतपणाचा नवस होता, म्हणून तिरुपतीला मोट्टै केलं, मुंडन. तूही तिथूनच आलीस, असं वाटलं मला."

मी एक पाऊल मागे सरले.

"आणि खरं कळल्यावर? तेव्हा का नाही बोललास?"

"तू गप्प झाली असतीस. गच्चीवर येणंही सोडलं असतंस..."

"म्हणजे दया!" मी ओरडले.

"दया असती तर मीही 'बस' म्हणालो असतो." त्यानं मान खाली घातली. "तेव्हापासून मुद्दाम डोकं भादरून घेत होतो. या वेळी न्हाव्याच्या दारातूनच परत आलो. आणखी खोटं वागवेना. तू... आवडतेस मला."

मी जागची हललेही नव्हते, तरी मला बोलता येईना.

"गाता येतंय?" त्यानं भीतभीत विचारलं.

"अय्यो, गप रे!" त्याच्या खरखरीत केसांवरून मी हात फिरवला. डोळे भरून आले होते. "चल, एक फेरी. आणि माझे केस येईपर्यंत तू टोपी घालून यायचं... रोज."