चार मिनिटं कमी

त्यांची गाठ पडली ती जिमच्या सामानखोलीत. ती स्टुलावर टाचा उंचावून कपाटावरचं स्टॉपवॉच चाचपडत होती, इतक्यात मागून एक लांबलचक हात आला आणि घड्याळ अलगद खाली उतरलं.

"शिडी हवी होती का?"

"मिळाली की!"

झालं! नव्या मुलाला टीमभर शिडीच म्हणायला लागले.

ती कॅप्टन. बास्केटबॉलची टीम, मुलं-मुली मिळून आठ जण, एका वेळी पाच आत, मॅच चाळीस मिनिटांची, आणि तिचा नियम एकच — प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस. आदलं अख्खं वर्ष तिने बाकावर कुजत काढलं होतं; तसं आता कुणाचंच होऊ द्यायचं नव्हतं. कोण कधी आत, कधी बाहेर, सगळं वहीत.

शिडीची मात्र एक खोड. ती बाहेर येऊन बसली रे बसली, की याची लेस सुटायची. "सर, लेस!" की लगेच टीममधली सगळ्यात लहान, छोटी, आत आणि हा कॅप्टनच्या शेजारी... गुडघ्याला गुडघा लागणार नाही, इतकंच अंतर ठेवून.

"बांध की लवकर!"

"बांधतोय ना... एवढी काय घाई?"

शेवटच्या मॅचच्या सकाळी तिने पहिल्यांदाच सात मॅचच्या मिनिटांची बेरीज केली. इतर सगळ्यांची एकशे पंच्याहत्तर. छोटीची दोनशे तीन. आणि शिडीची — एकशे सत्तेचाळीस! वही घेऊन ती तशीच धावत मैदानावर गेली.

"अरे, तुझी अठ्ठावीस मिनिटं खाल्ली मी! आज पूर्ण मॅच तूच खेळ."

"खाल्ली कुठे? मीच दिली." त्याचे कान लालबुंद. "सात मॅच, चार-चार मिनिटं... तू बाकावर असतानाची."

"म्हणजे ती लेस —"

"डबल गाठ मारतो मी. पहिल्या दिवसापासून."

तिने वही उघडली आणि त्याच्या नावापुढे नेहमीचीच पंचवीस मिनिटं लिहिली.

त्या संध्याकाळी शिडी आपल्या पाळीने बाकावर बसला होता. ती आत, हातात चेंडू, खेळ ऐन रंगात... आणि तिने चेंडू दुसऱ्याकडे टाकला.

"सर... माझी लेस!"

छोटी तर आधीच जॅकेट काढून उभी होती, गालातल्या गालात हसत. शिडी बाकावर सरकला. या वेळी गुडघ्याला गुडघा लागला, आणि कुणीच मागे घेतला नाही.

आता तो दुसऱ्या गावी शिकतो. वही तिच्याकडेच आहे. सात पानांवर शिडीची चार-चार मिनिटं कमी, आणि शेवटच्या पानावर कॅप्टनची चार मिनिटं कमी. ती तिने अजून भरून काढलेली नाहीत. काढणारही नाही!