खारतळं भरून ठेवलेली टाकी

“विश्वास ठेवायचाच नाही असं आधी ठरवून टाका, म्हणजे ऐकायला सोपं जाईल,” जनार्दन घरत म्हणाला. “या गोळ्यात एक अख्खं गाव आहे. दोनशे बारा उंबरे, तीन विहिरी, एक मारुती आणि माझी आई.”

ऋजुता सामंतने मान वर करून गोळ्याकडे पाहिलं. सहा पायांवर उभा असलेला, तीन पुरुष उंचीचा पोलादी गोळा. वैशाखाच्या उन्हात तो असा चकाकत होता की डोळे बारीक करूनच बघावं. ती दाबपात्रांची सरकारी तपासनीस. जे द्रव जरा मोकळीक मिळाली की वाफ होऊन पळतात, ते ज्या टाक्यांत कोंडून ठेवलेले असतात त्या टाक्या धड आहेत की नाहीत, हे ठरवणं तिचं काम.

“आजोबा, गाव राहू दे. आत द्रव किती उरलाय तेवढं सांगा.”

“काटा बघा की.”

दाबाचा काटा तीनवर होता. पौषात तो दोनच्या खाली उतरायचा, वैशाखात तीनवर चढायचा. नव्या खारतळ्यातली माणसं येता-जाता काट्याकडे बघून घेत, देवळासमोरून जाताना हात जोडावेत तशी. काटा जागेवर आहे ना? मग गाव आहे.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी खाडीचं पाणी बांधावरून आत आलं, ते पुन्हा गेलंच नाही. गाव उठवून डोंगराच्या उतारावर वसवायचं ठरलं. दारं-खिडक्या नेता येत होत्या, जाती-पाटे नेता येत होते, मारुतीसुद्धा चौघांनी उचलून नेला असता, पण तो म्हणे हलेना. (हे जनार्दनच सांगतो. मारुती खरं तर सिमेंटात पक्का केलेला होता.) न्यायची राहत होती ती गावाची हवा. म्हणून एक योजना निघाली. वर्षभर प्रत्येक आळीत पिंपाएवढी यंत्रं उभी राहिली. ती हवा ओढत, इतकी गार करत की हवेतला वास पहाटेच्या दवासारखा नळीवर धरायचा आणि थेंबाथेंबाने खाली ओघळायचा. त्या अर्काला ‘गंधार्क’ म्हणत. तो एका न पेटणाऱ्या, हलक्या वाहक द्रवात विरघळवून ठेवायचा. फ्रिजच्या नळ्यांतून खेळतो त्याच्या भाऊबंदांपैकी एक.

आता हा वाहक द्रव मोठा उठवळ. उघड्या वाटीत ओतला तर बघता बघता वाटी कोरडी. बंद भांड्यात मात्र थोडी वाफ झाली की ती वाफच उरलेल्या द्रवाच्या डोक्यावर बसते आणि म्हणते, आता तू खालीच राहा. त्या बसण्याला दाब म्हणायचं. भांडं चौकोनी असेल तर त्याच्या भिंती फुगतात. जनार्दनने आयुष्यभर कारखान्यांसाठी अशाच टाक्या कागदावर काढल्या होत्या. गावच्या सभेत लोकांनी त्याला विचारलं होतं, टाकी गोलच कशाला?

“दाबाला कोपरा आवडतो,” तो म्हणाला होता. “कोपरा दिसला की तिथे जाऊन बसतो, आणि एक दिवस तिथूनच बाहेर पडतो. गोळ्याला कोपराच नाही. बसणार कुठे?”

लोक हसले होते आणि काम त्याला दिलं होतं.

“तुमच्या नकाशात पातळी दाखवणारी नळीच नाही,” ऋजुता कागद उलटत म्हणाली. “हे मंजूर कसं झालं?”

“टाकीला जितकी भोकं कमी, तितकी टाकी बरी, मॅडम.”

हे कारण सांगण्यापुरतं होतं. खरं कारण असं, की खारतळ्यात भाताच्या कणगीत डोकावून किती उरलं ते बघत नसत. हात घालायचा, लागेल तेवढं काढायचं, झाकण लावायचं. बघितलं की सरतं, असं म्हणत. साऱ्या गावाने नकाशा पाहिला, पण पातळीची नळी कुठे, असं एकानेही विचारलं नाही. नकाशा काढणाऱ्यालाही ते सुचलं नव्हतं.

“आणि काट्यावरून काय कळणार?” ऋजुता म्हणाली.

“का नाय कळनार?” पाठीमागून आवाज आला. टाकीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर चांगुणाबाय बसली होती. जनार्दनची शेजारीण. खारतळं डोळ्यांनी पाहिलेली बाकीची माणसं वारली होती, नाहीतर पोटामागे मुंबईला गेली होती; गावात आता ही दोघंच उरली होती. “काटा तीनवर म्हंजी गाव भरलेला. जनूनंच सांगितलाय.”

ऋजुता तिच्याकडे वळली. “आजी, तुमच्याकडे गॅसचा सिलिंडर होता ना पूर्वी?”

“व्हता की.”

“तो अर्धा संपला की शेगडीची आच अर्धी व्हायची का?”

“नाय. अगदी भाकरी तव्यावर असताना मेला एकदम जायचा.”

“तसंच हे. आत द्रवाचा एक तांब्या उरला असला तरी तो वाफ देत राहतो. दाब किती, ते आत ऊब किती आहे त्यावर ठरतं. द्रव किती आहे त्यावर नाही. शेवटचा थेंब संपेपर्यंत काटा तीनवरच राहणार.”

चांगुणाबायने काट्याकडे पाहिलं. मग जनार्दनकडे पाहिलं. जनार्दन टाकीच्या पायाला चिकटलेली धूळ नखाने खरवडत होता.

“मग किती हाय ता कसा कळायचा?”

“सोपं आहे. ओलं फडकं फिरवायचं. जिथपर्यंत आत द्रव आहे तिथपर्यंत पत्रा लवकर वाळत नाही. ओली रेघ उमटते.” ऋजुताने जनार्दनकडे पाहिलं. “रेघ अर्ध्याच्या वर असली तर दहा वर्षांचा दाखला देते. खाली असली तर टाकी कापावी लागेल. रिकामी दाबटाकी उभी ठेवता येत नाही.”

“फडकं फिरवू की,” जनार्दन म्हणाला. “पण आज वासाचा दिवस, वर्षातून एकदाच तोटी उघडतो. तुमची आई खारतळ्याची, चिंतामणची धाकटी. आधी तुम्ही वास घ्या. फडकं कुठे पळून जातंय?”

ऋजुता घुटमळली आणि “बरं” म्हणाली. जनार्दनला हायसं वाटलं.

कारण ती रेघ कुठे उमटेल ते त्याला पक्कं ठाऊक होतं. टाकीच्या तळापासून वीतभरही वर नसती.

दोष झडपेचा. म्हणजे झडप लावणाऱ्याचा. दाब फार वाढला की आपोआप उघडते ती सुरक्षा झडप त्याने पाचवर लावायला हवी होती. त्याने ती गुपचूप तीनच्या किंचित वर लावली. वैशाखातल्या दुपारी ऊन टाकीवर कलायचं, काटा तीन ओलांडायचा आणि झडप फुसफुसायची. एखादं म्हातारं झोपेत सुस्कारा टाकतं, तशी. वारा खाडीवरून वर यायचा आणि सगळ्या वस्तीत खारतळं पसरायचं. पहिल्या वर्षी केवडा आला. बांधावरचा केवडा! नळावर भांडणाऱ्या बायका भांडण अर्ध्यावर टाकून उभ्या राहिल्या. मग भाताच्या फुलोऱ्याचा वास. मग मिठागरातला, उन्हात पांढरा होत जाणारा, नाकात झिणझिणणारा. दुपारी दोन वाजता माणसं दारात खुर्च्या टाकून बसू लागली. जनार्दनच्या आईने मरताना खिडकी उघडायला सांगितली होती, आणि तेव्हा झडप फुसफुसली होती. ही एक गोष्ट त्याने कधी कुणाला रंगवून सांगितली नाही. तिला रंग लावायची गरजच नव्हती.

पण उडणाऱ्या द्रवांचा एक स्वभाव असतो. जे जास्त हलकं ते आधी जातं. तिसऱ्या वर्षी केवडा संपला. पाचव्या वर्षी फुलोरा. मग उरले जड वास: होड्यांचं डांबर, सुकट, शेणाने सारवलेली ओटी. लोक म्हणायचे, हेच आपलं गाव. केवडा आठवणारे एकेक करून जात होते. नवव्या वर्षी, भर वैशाखात, जनार्दन शिडीवर चढला तर काटा शून्यावर.

तो शिडीवरच बसून राहिला. खाली वासाच्या दिवसाची रांग लागत होती. कुणी मुंबईहून तान्ही पोर आणली होती, तिला आजोळ हुंगवायला. त्या दिवशी ‘झडप अडकली’ म्हणून त्याने लोकांना परत पाठवलं. आठवडाभराने पेणच्या फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून वाहक द्रवाच्या चार बाटल्या आणल्या आणि नळी जोडून टाकीत सोडल्या. काटा उठला. वासाचं काय? गोदामात एक जुनं पिंप-यंत्र पडलं होतं. ते दुरुस्त करून त्याने या घरामागे आठ दिवस, त्या घरामागे आठ दिवस, असं ठेवायला सुरुवात केली. कुणी विचारलं तर सांगायचा, “डासांचं यंत्र आहे.” नव्या वस्तीतली सुकट तीच, तांदळाची भाकरी तीच, शेणही फार वेगळं नाही. थोडं डांबर तो वरून घालायचा. पुढच्या वर्षी माणसं रडली. आधीच्यापेक्षा जास्तच रडली.

गेली एकोणीस वर्षं असं चाललं होतं. या वर्षी मात्र त्याचेच पाय चालेनात. सात घरांमागे यंत्र ओढत न्यायचं कुठून? कुंपणापलीकडे चांगुणाबायची मोरी आणि चूल होती. सगळा महिना यंत्र तिथेच राहिलं.

रांग लागली. लहानांनी आधी, थोरांनी मागून, असा नियम. चांगुणाबाय सगळ्यात शेवटी. टाकीच्या पोटाखाली एक बारीक तोटी होती. जनार्दन ती केसभर उघडायचा, फुस्स व्हायचं, माणूस वाकून एक श्वास घ्यायचा आणि बाजूला व्हायचा. पोरं आली, हुंगून गंभीर झाली. तरणी माणसं आली. एक दाढीवाला बाप्या, जन्म इथल्या सरकारी दवाखान्यातला, तोटीपाशी उभा राहून हमसाहमशी रडू लागला. “गाव ते गावच,” तो म्हणाला. “इथे कसला आलाय असा वास!”

ऋजुताची पाळी आली. तिने श्वास घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सरकार क्षणात उतरलं. लहानपणी सुट्टीत ती इथे, या उतारावरच्या वस्तीत, आजीकडे यायची. खारतळं पाहण्याआधीच ते बुडालं होतं.

“मला ओळखीचा आहे हा वास,” ती डोळे पुसत म्हणाली. “कधी गेले नाही तिथे, तरी ओळखीचा आहे. आजोबा, हे कसं होतं हो?”

“रक्तात असतं, पोरी,” जनार्दन म्हणाला. मॅडमची पोरी कधी झाली ते दोघांनाही कळलं नाही.

ऋजुताने पिशवीतून दाखल्याचा कागद काढला आणि टाकीच्याच पायावर टेकवून पेन उघडलं. “फडकं पुढल्या खेपेला बघू,” ती पुटपुटली.

जनार्दनच्या छातीतला काटा खाली आला. दहा वर्षं. दहा वर्षांनी आपण असू-नसू. कुणीतरी यंत्र ओढेल, किंवा नाही ओढणार.

“मी ऱ्हायले की रं,” चांगुणाबाय म्हणाली.

दोघा पोरांनी तिला खुर्चीसकट उचलून तोटीपाशी आणलं. जनार्दनने तोटी उघडली. फुस्स. चांगुणाबायने श्वास घेतला. पुन्हा नाक पुढे केलं. जनार्दनला पुन्हा तोटी उघडावी लागली. मग मागे टेकून तिने पदराने नाक पुसलं. गर्दीला वाटलं, म्हातारीला भरून आलं.

“जनू,” ती म्हणाली, “आपल्या खारतल्यात निलगिरी कुठं व्हती रं?”

जनार्दनच्या हातातली तोटी घट्ट बंद झाली. पण जीभ त्याची त्याच्या आधी सुटायची, ही जुनीच खोड. “व्हती की वयनी! मारुतीच्या मागे. विसरलीस? इंग्रजांच्या काळातलं झाड. चौघांच्या कवेत मावायचं नाही.”

“हो हो!” दाढीवाला म्हणाला. “मारुतीच्या मागचं. आमचे बाबा त्याच्याखाली जाळी विणायचे.”

“त्याच्यावर वटवाघळं असायची,” कुणी बाई म्हणाली.

“माझी आईसुद्धा सांगायची त्या झाडाबद्दल,” ऋजुता म्हणाली. तिचं पेन कागदावर थांबलं होतं, आणि डोळे अजून ओलेच होते. “म्हणजे… आठवतंय ना मला. उंच, पांढऱ्या खोडाचं. पानांचा सडा पडायचा.”

जनार्दनने तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभरात त्याने शेकडो थापा मारल्या होत्या. पण स्वतःची थाप अशी फांद्या फोडून, पानं गाळत, वटवाघळं लटकवून समोर उभी राहिलेली त्याने पहिल्यांदाच पाहिली. मारुतीच्या मागे काय होतं ते आठवायला गेला, तर तिथे आता त्यालाही पांढरं खोड दिसू लागलं. खरं काय होतं तिथे? चिंच? की नुसताच बांध?

“वयनी,” तो हळूच म्हणाला, “तूच सांग, काय व्हता गं तिथं?”

पण चांगुणाबायचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तिने लुगडं वर सारून आपला सुजलेला, तेलाने चकचकणारा गुडघा सगळ्यांसमोर उघडा केला, आणि काठी आपटली.

“गप बसा गो सगली! कसला झाड नि कसला काय! म्हयना झाला, रोज निलगिरीचा तेल चोलतंय मी, नि म्हयना झाला या मेल्याचा डासांचा यंत्र माझ्या मोरीमागं घुरघुरतंय. ज्याच्यासाठी रडतंव ना, ता खारतला नाय. तो माझा गुडघा हाय!”